पिवळ्यावर पिवळं

"मिक्सर! मावशी, मिक्सर मागवला होता त्या माणसाने! आणि खोक्यातून काय निघालं? सांगा, सगळ्यांसमोर सांगा!"

"रेनकोट," मी सांगितलं.

"कोणाचा?"

"लहान पोराचा. वर बदकं छापलेला."

"आणि मिक्सर कुठे गेला?"

"रेनकोटवाल्याकडे गेला असेल. म्हणजे हरवलं काहीच नाही, साहेब. दोघांनी एकमेकांना फोन केला तर झालं."

हे ऐकल्यावर आमचा सुपरवायझर जो ओरडला, त्याने गोडाऊनच्या पत्र्यावर बसलेली कबुतरं उडाली ती थेट कल्याणला जाऊन बसली. मी शपथेवर सांगते, त्यातली दोन अजून परत आलेली नाहीत.

वळ गावातलं गोडाऊन ते. तुम्ही पाहिलं नसेल तर अंदाज येणार नाही. एका दाराने नवरी म्हणून आत गेलेली बाई दुसऱ्या दाराने आजी होऊन बाहेर पडावी, एवढं लांब. लोक घरी बसून मोबाईलवर बोट दाबतात, आणि त्यांनी मागवलेलं सगळं तिथल्या फळ्यांवर रचलेलं असतं. आम्ही बायका ते उचलायचो, खोक्यात घालायचो, चिकटपट्टी मारायचो आणि पुढे ढकलायचो. मी पॅकिंगला होते. सुपरवायझर टेमघरचा, माझ्याहून फार तर चार वर्षांनी लहान, पण सगळ्या बायकांना सरसकट मावशी म्हणायचा. शिव्या द्यायलाही त्याला नातं लागायचं.

चूक माझीच होती, ते मी नाकारत नाही. मी शेजारणीला आमच्या कोन गावातल्या म्हशीची गोष्ट सांगत होते. ती म्हैस एकदा कल्याणच्या एसटीत चढली आणि कंडक्टरने तिला उतरवलं नाही, कारण तिने बसायला जागा मागितली नव्हती. गोष्ट ऐन रंगात आली होती, म्हैस दुर्गाडीच्या पुलावर पोचली होती, आणि अशा वेळी खोक्यात कोण काय घालतंय हे कोण बघणार? माझ्या आजूबाजूच्या सहा बायकांचे हात थांबले होते. मालाचा सरकता पट्टा पुढे चालला होता आणि आम्ही म्हशीबरोबर होतो.

"महिनाअखेरपर्यंत," सुपरवायझर म्हणाला. आता त्याचा आवाज खाली आला होता, आणि तेच वाईट होतं. "कुठल्यातरी एका सेक्शनने 'ही बाई आम्हाला पाहिजे' असं लिहून द्यायला हवं. नाहीतर कार्ड जमा करा, मावशी."

कार्ड. त्याला काय ठाऊक कार्ड म्हणजे काय ते. गळ्यात निळी पट्टी, तिला लटकलेलं कार्ड, त्यावर माझा फोटो आणि खाली माझं नाव, माझं एकटीचं. आमच्या घरी लग्नाच्या पत्रिका येतात त्या सासऱ्यांच्या नावाने, पुढे 'सहकुटुंब'. वीस वर्षं मी त्या 'सहकुटुंब'मध्ये राहत होते. आता टेमघरच्या नाक्यावर कंपनीची बस बदलताना पहारेकरी कार्ड बघायचा, मग माझ्याकडे बघायचा, मग मान हलवायचा. ती मान हलवलेली मला फार आवडायची. कार्ड परत करायचं ह्या विचारानेच माझ्या मानेला गार लागलं.

त्याच आठवड्यात मोठ्या ऑफिसातून एक बाई आली. हातात रिमोट, भिंतीवर चित्रं. ती म्हणाली, प्रत्येक माणसात एखादी ताकद असते. ती ओळखा आणि जमेल तितकं तिच्यातच काम करा. जे येत नाही त्याच्यामागे जन्म घालवू नका. मग तिने एकेक कागद दिला. वर लिहिलं होतं, 'माझ्या तीन ताकदी'. पहिल्या रांगेतल्या बाईने लिहिलं: मेहनती, प्रामाणिक, वेळेवर येते. तो कागद हातोहात मागे फिरला आणि पाच मिनिटांत चाळीसच्या चाळीस बायका मेहनती, प्रामाणिक आणि वेळेवर येणाऱ्या झाल्या.

माझा कागद कोराच राहिला. नक्कल करायला माझी हरकत नव्हती, पण मला खरोखरच प्रश्न पडला. आपल्याला काय येतं बरं? दात पडल्यावर जीभ सारखी त्या खड्ड्यात जाते, तशी मी दिवसभर त्या प्रश्नात जात राहिले. स्वयंपाक? घरच्यांना विचारा. शिवण? एकदा परकर शिवला होता, तो उशीला घातला. हिशेब कच्चा. पाय चपळ नाहीत. मग असं काय आहे की देवाने मला घडवताना म्हटलं असेल, हां, हे हिला देऊ?

घरी गेले तर सासू ओट्यावर सुकट निवडत बसलेली. मी समोर फतकल मारली.

"आय, माझ्यात काय हाय?"

"कशात?"

"म्हणजे मला चांगलं काय येतं?"

सासू विचारात पडली. इतका वेळ पडली की मला वाटलं, झोपली.

"भाकरी?" मीच सुचवलं.

"तुझी भाकरी? कोंबडी पन पाठ फिरवते."

"मग?"

"थापा," ती म्हणाली. "थापा तू भारी मारतेस. खोटं न्हाय बोलणार मी. मागं तू सांगितलंस ना, तलावात मगर आली म्हणून? दोन म्हयने कोन धुण्याला गेला न्हाय. मी पन न्हाय. आन् माना ठाव होतं तू थाप मारलीस ते."

"मग तू का नाही गेलीस?"

"मगर डोल्यांसमोर दिसत होती ना गो."

ह्याला तुम्ही काय म्हणाल मला माहीत नाही, पण मी खूश झाले. नंतर तिने जोडलं, "पन तुझ्या पोटात काय ऱ्हात न्हाय. तो तुझा दोष," आणि पुन्हा सुकटीत डोकं घातलं. दोष कोणी विचारले नव्हते. कागदावर फक्त ताकदी होत्या.

आता प्रश्न असा की, गोडाऊनमध्ये थापा मारायचं काम कुठल्या सेक्शनला असतं? ते तर वरचे साहेब स्वतःच करत होते.

मधे दोन दिवसांची रजा पडली, पुतण्याची हळद होती म्हणून. आमच्याकडे हल्ली भावकीतल्या सगळ्या बायकांनी हळदीला एकसारखी साडी नेसायची पद्धत आहे. पुतण्याने मोबाईलवरून सगळ्यांसाठी पिवळ्याधमक साड्या मागवल्या. सासूला साडी नेसवायचं काम माझ्याकडे. ती म्हणाली, घट्ट बांध, मी नाचणार हाय. घरात बारीक पिन सापडेना, म्हणून मी गोधडीला लावायची ती बोटभर लांबीची पिन तिच्या खांद्यावर खुपसली. मग ती बेंजोसमोर जी नाचायला लागली ती हटेचना. वाजवणारे दमले, त्यांची दुसरी तुकडी आली, तीही दमली. हळद लावायला बायका तिच्यामागे धावत होत्या, पण ती कोणाच्या हाती लागली नाही. पिन मात्र जागची हलली नाही.

रजेनंतर मला पिकिंगला टाकलं. हातात यंत्र, ते सांगेल त्या फळीवरून माल काढून आणायचा. पहिल्याच दिवशी मी हरवले. खोटं नाही, मी इतकी चालले की वाटेत भाषा बदलली. एका गल्लीत मराठी होती, पुढच्या गल्लीत हिंदी, त्यापुढे भोजपुरी, आणि तिथल्या हमालाने मला "चाची, आप गलत आ गयी" म्हणून दाखवलेल्या रस्त्याने मी पार टोकाला पोचले. तिथे परत आलेल्या मालाचा डोंगर होता, आणि डोंगराच्या पायथ्याशी एक बाई बूट घेऊन बसली होती.

लोकांना माल आवडला नाही की ते परत पाठवतात, आणि का पाठवला ते मोबाईलवर लिहितात. ही बाई तो माल उघडून तपासायची. नवाच असेल तर पुन्हा विकायला; वापरलेला असेल तर ज्याने पाठवला त्याच्या घरी परत. डोंगराकडच्या पाड्यावरून यायची ती. माझ्याच वयाची. दिवसाला बारा शब्द बोलायची, त्यातले सहा चहाच्या वेळी.

तिने मला चिठ्ठी दाखवली. 'साईज छोटी आहे.' बूट चकचकीत होता. पास करायच्या बेतात होती ती.

मी बूट हातात घेतला, आणि काय सांगू, तो बूट माझ्याशी बोलायलाच लागला. तळव्याच्या खाचेत लाल गालिच्याचा धागा. टाचेला चिकटलेली झेंडूची पाकळी, वाळून काळी झालेली. आत बोट घातलं तर पुढे टोकाला कागदाचा बोळा.

"हा बूट लग्नात जाऊन आलाय," मी म्हटलं. "आणि छोटा नव्हता, मोठा होता. म्हणून बोळा घातला. घालून मिरवला, मग परत केला. छोटा म्हणून का लिहिलं? कारण मोठा लिहिलं असतं तर तू आत बोट घालून बघितलं असतंस."

तिने वर पाहिलं. "तुला कसं कळलं?"

"मी पण असंच लिहिलं असतं."

आणि तिथे, त्या परत आलेल्या डोंगरापाशी, माझ्या डोक्यात लख्ख उजाडलं. थाप कशी बांधतात ते मला ठाऊक आहे. खऱ्याचे दोन तुकडे घ्यायचे, मधे खोटं बसवायचं, आणि जिथे पाहू नये तिथून समोरच्याचं लक्ष दुसरीकडे वळवायचं. दुसऱ्याने बांधलेली थाप मला शिवणीपासून उसवता येते. वीस वर्षं मी तलावात मगरी सोडत होते, आणि मला वाटायचं नुसता वेळ वाया चालला आहे!

सुपरवायझरने ऐकून घेतलं. "मावशी, इथे गोष्टी चालत नाहीत, पुरावा लागतो." पण माझा पिकिंगमधला उजेड त्याने पाहिला होता, म्हणून महिना संपेपर्यंत मला तिथेच बसवलं.

आता मी काही पहिल्या दिवसापासून तीर मारले असं समजू नका. एक कुकर आला. मी त्याला नुसता हात लावून सांगितलं की हा घटस्फोटातून आला आहे. नवरा आळशी, सासू कजाग, सून शिकलेली, एका रविवारी वरणावरून भडका उडाला आणि कुकर खिडकीतून खाली. पाड्यावरची बाई शांतपणे ऐकत होती. मग तिने झाकण उलटं केलं.

"शिटी न्हाय," ती म्हणाली. "एवढंच."

माझ्या दहा गोष्टींतल्या चार खऱ्या निघत. ही माझ्या ताकदीची दुसरी बाजू मला तिथेच कळली: मी सुरू झाले की मला माल दिसायचा बंद होतो. मग आमचं आपोआप ठरत गेलं. आधी तिची बोटं फिरणार. बोटांना काही लागलं तर ती थांबणार. ती थांबली की मगच मी तोंड उघडायचं. ती भोक शोधायची, मी त्या भोकातून सगळं लग्न बाहेर काढायचे. असं केल्यावर दहातल्या नऊ खऱ्या निघायला लागल्या. दहावीसुद्धा खरीच असणार, फक्त कोणी कबूल करत नव्हतं.

आणि मग महिन्याचा शेवटचा दिवस आला. सुपरवायझर सकाळी येऊन सांगून गेला होता, आज संध्याकाळी कागद भरायचा आहे. एक तर सेक्शनचं नाव लिहीन, नाहीतर कार्ड घेईन.

दुपारी पिवळ्या साड्यांचा गठ्ठा आला; लग्नसराईत गावोगाव असल्याच साड्या जातात. सगळ्यांवर एकच कारण: 'रंग फोटोसारखा नाही.' सुपरवायझर स्वतः उभा होता. त्याने दोन साड्या उलगडल्या, उजेडात धरल्या. डाग नाही, सुरकुती नाही, घडी कडक इस्त्रीची.

"नव्या आहेत. पास करा."

पाड्यावरच्या बाईने साडी नाकाशी नेली. "वास येतो."

"कसला?"

"लग्नाचा."

"लग्नाला वास असतो?" सुपरवायझर हसला. "डाग दाखवा. पुरावा."

मी म्हटलं, "डाग दिसणार कसा, साहेब? ह्या हळदीला नेसलेल्या साड्या आहेत. हळदीचा डाग आणि साडी, दोन्ही पिवळी. ज्याने ही युक्ती काढली त्याच्या मी पाया पडेन."

"पुरावा, मावशी."

मी उठले, मोरीवर गेले, डबे घासायची साबणाची वडी आणि पेलाभर पाणी घेऊन आले, आणि साडीच्या पदरावर खसाखसा घासलं.

"साबण!" तो किंचाळला. "कंपनीच्या मालाला साबण! अरे, ही बाई वेडी आहे! मावशी, कार्ड काढा. आत्ताच्या आत्ता कार्ड काढा!"

मी कार्डाची पट्टी खरंच मानेवरून वर ओढली होती. नजर मात्र पदरावर. आमच्या गावात हळदीनंतरचं धुणं जिने एकदा धुतलं तिला हे माहीत आहे: हळदीला साबण लागला की ती लाल होते. पहिल्यांदा धुणारी नवी सून घाबरून ओरडते, कोणाला लागलं म्हणून. पण हळदच नसती, तर? पदर नुसता ओला झाला असता, आणि माझ्या नावाचं कार्ड त्याच्या खिशात गेलं असतं.

पदर एक क्षण तसाच राहिला. मग पिवळ्याच्या मधोमध चार बोटं उमटली. तांबडीलाल. कोणीतरी नवऱ्यामुलाला हळद लावून हात पदराला पुसले होते.

सुपरवायझरचं तोंड उघडंच राहिलं. त्यात कबूतर बसलं असतं, पण ती सगळी कल्याणला गेलेली.

दुसरी साडी, लाल. तिसरी, कमरेपाशी लाल. चौथीच्या निऱ्यांत तर तांदळाचे दाणेही निघाले. त्याने कागद काढला, पेन काढलं, माझं नाव लिहिलं आणि पुढे 'सेक्शन' लिहून थांबला.

"ही शेवटची राहिली," तो म्हणाला. "करून टाका, मग सही करतो."

पाचवी साडी. साबण लावला, लाल झालं नाही. दुसरीकडे लावला, नाही. पदर, कंबर, काठ, कुठेच नाही. "ही पास," सुपरवायझर म्हणाला. पण पाड्यावरच्या बाईचं बोट खांद्यापाशी थांबलं होतं.

"भोकं," ती म्हणाली.

दोन भोकं. एकमेकांपासून बोटभर लांब. आणि पदराच्या टोकाला, तोंड पुसतात तिथे, मशेरीचा बारीक काळा ठिपका.

मी साडी नाकाशी नेली नाही. गरज नव्हती.

"पॅकिंगच्या पिनांची असतील भोकं," सुपरवायझर म्हणाला. त्याने तर माझ्यासाठी थापसुद्धा तयार करून दिली होती. मला फक्त मान हलवायची होती. "काय मावशी? पास ना?"

पाड्यावरची बाई माझ्याकडे बघत होती. "बोल ना," ती म्हणाली. "एरवी तर थांबत न्हाईस."

मी तुम्हाला खरं सांगते, प्रामाणिकपणा वगैरे मनात आला नाही. तो त्या चाळीस कागदांवर होता, माझ्या नाही. झालं एवढंच, की जन्मात पहिल्यांदा माझ्याजवळ पहिल्या टाक्यापासून शेवटच्या टाक्यापर्यंत पूर्ण खरी गोष्ट होती, एकही मगर न घातलेली. आणि ती मी सांगायची नाही? पोटात ठेवायची? कुठल्या पोटात?

"वापरलेली," मी म्हटलं. "साठीच्या पुढची बाई. मशेरी लावते. बेंजोसमोर नाचली, म्हणून हळद लावायला कोणाला सापडली नाही. पिन गोधडीची आहे."

"गोधडीची? हे कशावरून?"

"मीच लावली होती."

त्याने माझ्याकडे पाहिलं. साडीकडे पाहिलं. मग सही केली.

संध्याकाळी बसमधून उतरले ती वाऱ्यासारखी घरी. भावकीतल्या बायकांनी साड्या परत केल्या आणि मला, त्याच कंपनीत काम करणाऱ्या सुनेला, अक्षर कळू दिलं नव्हतं! मी दारातूनच सुरू झाले. माझ्या आवाजाने शेजारच्या तीन घरांतल्या शेगड्या विझल्या असतील. सांगितलं, आय, तुझी साडी आज माझ्या हातात आली. सांगितलं, सुपरवायझर पेन धरून उभा होता. सांगितलं, आठ दिवसांत कुरिअरवाला तीच साडी घेऊन ह्याच ओट्यावर उभा राहणार, आणि सगळी आळी बघणार.

सासू सुकट निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"कशावरनं वलखलीस?"

"पिनेच्या भोकांवरून!"

"पिन कोनी लावली होती?"

"मी."

"मग बारीक लावायची होतीस."